लेव्हानची वही (एमएस्सी प्रोजेक्टच्या नोंदी)

३ डिसेंबर

विषय फायनल झाला एकदाचा. मला खरं तर हायलुरॉनिक अॅसिड करायचं होतं, हल्ली प्रत्येक सीरमच्या बाटलीवर तेच नाव असतं ना. तीही एक साखरच, म्हणजे दोन वेगवेगळ्या शर्करा आलटून पालटून जोडलेली लांब साखळी. १९३४ साली मेयर आणि पामर यांनी ती गाईच्या डोळ्यातल्या जेलीमधून पहिल्यांदा वेगळी केली, नंतर बरीच वर्षं कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे आणि आता स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस नावाच्या जिवाणूकडून बनवून घेतात. तर माझ्या गाईड मॅडमनी एवढंच विचारलं की हा जिवाणू घोड्यांना आजारी पाडतो, कधीकधी माणसालाही, आपल्या लॅबमध्ये त्याला कुठं ठेवणारेस? आपल्याकडं एक लॅमिनार (गाळलेल्या हवेत जंतूंचं काम करायचं कपाट) आहे आणि त्याचा ब्लोअर सुद्धा ठोसा मारल्यावर चालू होतो. विषय संपला.

मग लेव्हान. फ्रुक्टोजची साखळी, पाणी धरून ठेवते, क्रीम-सीरमच्या लेबलवर 'लेव्हान' याच नावाने येते. बॅसिलस सबटिलिस हे काम करतो आणि तो बिचारा निरुपद्रवी. त्याची पद्धत मला फार आवडली. तो लेव्हानसुक्रेज नावाचं एन्झाइम पेशीच्या बाहेर सोडतो, ते एन्झाइम साध्या साखरेचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज मोकळा सुटतो तो जिवाणू खातो, आणि फ्रुक्टोज एकापुढे एक ओवला जातो. म्हणजे आपण साखर टाकायची, अर्धी त्याची मजुरी, उरलेल्या अर्ध्याची माळ आपली. आणि कोल्हापुरात राहून साखरेवर काम नाही करायचं तर मग कशावर करायचं.

६ डिसेंबर

या जिवाणूचं कल्चर पुण्याच्या एनसीआयएममधून (उद्योगाला लागणारे जिवाणू जपून ठेवणारी संस्था) विकत आणता येतं आणि एक तिथून मागवलंयच तुलनेसाठी, पण मॅडम म्हणाल्या स्वतःचं आयसोलेट (आपण स्वतः वेगळा काढलेला जिवाणू) पण शोध, व्हायव्हात बोलायला काहीतरी होईल. म्हणून आज सकाळी मामाच्या गावच्या गुऱ्हाळावर गेले. सॅम्पल घेतले ते असे: चुलवाणाशेजारची माती, घाण्याखालच्या पन्हाळीत साठलेला कालचा रस, आणि मागं पडलेल्या ओल्या चिपाडांचा काळा पडलेला थर.

गुळव्या मामांनी विचारलं काय शोधतीयास पोरी. म्हटलं उसाच्या साखरेपासून चिकट पदार्थ करणारे जंतू. ते हसलेच. म्हणाले, "ते शोधाय कशाला पायजेत, ऊस तोडून दोन-तीन दिस पडू दे, आपसूक येत्यात. शिळ्या उसाच्या रसाला तार सुटती, मग कितीबी आटवा, गूळ बसत न्हाई." हे मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. पुस्तकात हेच चार पानं लिहिलंय.

येताना पावशेर काकवी घेतली. ती प्रोजेक्टचा भाग नाही.

१० डिसेंबर

प्रत्येक सॅम्पलचे दोन भाग केले. एक तसाच, दुसरा ८० डिग्रीला १५ मिनिटं वॉटर बाथमध्ये, म्हणजे बाकीचे मरतील आणि स्पोअर (धग सोसणारं टणक बीज) करणारे बॅसिलस तेवढे टिकतील. न्यूट्रिएंट अगारमध्ये (जिवाणू वाढवायची जेली) ५ टक्के साखर घालून प्लेटा केल्या.

आज उघडल्या आणि एक प्लेट बघून मी अक्षरशः ओरडले. पन्हाळीतला रस, न तापवलेला भाग. कॉलनी अशा की साबुदाणा भिजत घातलाय, टपोऱ्या, चकचकीत, लूपने उचलायला गेलं की वीतभर तार. तापवलेल्या मातीच्या प्लेटवर मात्र पसरट, मळकट, कडा फाटलेल्या कॉलनी, त्यातल्या एकदोनच जरा ओलसर वाटल्या. तिकडं कोण बघतंय. तारेवाल्याला 'अ-३' नाव दिलं, मातीतल्या ओलसर एकाला 'क-७', आणि अ-३ घेऊन कामाला लागले.

१६ डिसेंबर

अ-३ दोन दिवसात १० टक्के साखरेच्या ब्रॉथची (जिवाणू वाढवायचं पातळ खाद्य) भेंडीची भाजी करून टाकतो. फ्लास्क वाकडा केला की सगळं एकदम घरंगळत येतं.

आता हे बाहेर काढायचं. लेव्हान पाण्यात विरघळतं, अल्कोहोलमध्ये नाही, त्यामुळे पेशी सेंट्रीफ्यूज करून काढायच्या आणि वरच्या पाण्यात तीन पट थंड अल्कोहोल ओतायचं की खाली बसतं. इथं गंमत अशी की आमच्या कॉलेजपासून थोड्या अंतरावर साखर कारखान्याची डिस्टिलरी टँकरच्या टँकर इथेनॉल काढते आणि आम्हाला मात्र अर्धा लिटर हवं तर रजिस्टर, सही, शिल्लक, कारण, पुन्हा सही. एक्साइजचा विषय आहे, समजतं मला, पण तरी. शेवटी आयसोप्रोपिल घेतलं, तेही चालतं आणि कोणी सही मागत नाही.

ओतल्यावर पांढरे तंतू काडीला गुंडाळले गेले, बुड्ढी के बाल दिसतात ना तसे. सेलिव्हानॉफ टेस्ट केली, फ्रुक्टोजसारखी कीटोज साखर असेल तर लाल होते. झाली! डाळिंबासारखा रंग. फोटो काढून स्टेटसला टाकला.

१७ डिसेंबर

स्टेटस काढून टाकला.

मॅडमनी फोटो बघितला आणि पहिला प्रश्न, कंट्रोल कुठाय? म्हटलं कसला कंट्रोल. तर म्हणाल्या ज्यात काहीच वाढवलेलं नाही असा नुसता साखरेचा ब्रॉथ घे, त्यात तेवढंच अल्कोहोल ओत, खाली जे बसेल त्याची तीच टेस्ट कर. केली. लाल. अर्थातच लाल, कारण साधी साखर म्हणजे निम्मं फ्रुक्टोजच, आणि टेस्टमधलं अॅसिड तिला फोडतंच की. माझ्या तंतूंना साखर चिकटलेली होती आणि रंग तिचा होता.

आता डायलिसिस करावं लागणार. नळीसारखी पिशवी असते, लहान रेणू बाहेर जातात, मोठे आत राहतात.

२१ डिसेंबर

डायलिसिसची पिशवी फुटली. चूक शंभर टक्के माझी. मी ती मोदकासारखी गच्च भरून दोन्हीकडून गाठ मारली, आत साखरेचं दाट पाणी, बाहेर साधं पाणी, रात्रभर पाणी आत ओढलं जाणारच. सकाळी बीकरमध्ये सगळं सरबत. लॅबचे काका म्हणाले दरवर्षी एक तरी फोडतोच, तू जरा लवकर फोडलीस. निम्मी पिशवी रिकामी ठेवायची असते.

२४ डिसेंबर

पुन्हा केलं, निम्मी भरून, तीन दिवस, पाणी सकाळ-दुपार-रात्र बदलत. आतला माल घेऊन सेलिव्हानॉफ. एक मिनिट उकळलं. काही नाही, फिकट पिवळं. जास्त उकळावं असा मोह झाला होता पण जास्त उकळलं की ग्लुकोज पण हळूहळू लाल व्हायला लागतो, म्हणजे परत स्वतःलाच फसवणं.

मग ग्राम स्टेन (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) बघितला, जो पहिल्याच दिवशी बघायला हवा होता. गोल गोल, जोडीत आणि छोट्या माळेत. बॅसिलस काडीसारखा असतो. हा ल्युकोनोस्टॉक दिसतोय, आणि त्याची चिकट साखर म्हणजे डेक्स्ट्रान, पूर्ण ग्लुकोजची साखळी. एकाच साखरेतून एक जिवाणू ग्लुकोज ओवतो आणि फ्रुक्टोज सोडतो, दुसरा बरोब्बर उलटं करतो. साखर कारखान्यात पाइप तुंबवणारा, गाळण बंद पाडणारा आणि गुळव्या मामांचा गूळ बसू न देणारा तो हाच. बाकी डेक्स्ट्रान स्वतः काही वाईट नाही, रक्तस्रावात सलाइनमधून द्यायला वापरतात. पण माझा विषय तो नाही.

तीन आठवडे गेले. आता क-७.

४ जानेवारी

क-७: काडी, ग्राम पॉझिटिव्ह, स्पोअर आहेत, कॅटलेज पॉझिटिव्ह. चुलवाणाच्या कडेला जिथं एवढी धग असते तिथं स्पोअरवालाच तगणार, आधी डोकं चालवायला हवं होतं. १६एसचं सिक्वेन्सिंग (जिवाणूची ओळख पटवणारी जनुकाची तपासणी) करायला पैसे नाहीत म्हणून रिपोर्टमध्ये 'बॅसिलस, सबटिलिस गटातला असावा' एवढंच लिहिणार.

ब्रॉथ बघून तर निराशाच झाली होती. तार नाही, घट्टपणा नाही, पाण्यासारखाच पातळ, फक्त सेंट्रीफ्यूज केल्यावरसुद्धा वरचं पाणी दुधाळ राहतं. मी ते नीट फिरलं नाही म्हणून परत फिरवलं. परत दुधाळ. ताकाच्या निवळीसारखं, उजेडात धरलं की निळसर झाक.

हेच तर लेव्हान! आज वाचल्यावर कळलं. त्याचा रेणू अवाढव्य असतो पण लांब दोरीसारखा पसरत नाही, फांद्या फुटलेला गोळा होऊन बसतो, त्यामुळे पाणी घट्ट होत नाही, फक्त धुरकट होतं. मी तार शोधत बसले आणि तार ही दुसऱ्याचीच खूण होती.

९ जानेवारी

डायलिसिसनंतर सेलिव्हानॉफ: लाल, मिनिटाच्या आत. कंट्रोल: रंग नाही. एनसीआयएमचा स्ट्रेन: लाल. तिन्ही टेस्ट ट्यूब शेजारी ठेवून फोटो काढला. स्टेटसला नाही टाकला, मॅडमना पाठवला. उत्तर आलं, "आता वजन."

१५ जानेवारी

वजनाचं महाभारत. ५० मिली ब्रॉथ, २० टक्के साखर, म्हणजे १० ग्रॅम. चोवीस तासांनी अल्कोहोल ओतून, ओव्हनमध्ये सुकवून, मिळालं ६.१ ग्रॅम. मी खूश.

मॅडमनी वही बघून पेन्सिलने बाजूला तीन आकडे लिहिले. साखरेचा रेणू ३४२, त्यातला साखळीत जाणारा फ्रुक्टोजचा भाग १६२, म्हणजे ४७ टक्के. दहा ग्रॅम साखरेतून जिवाणूने अगदी काही वाया न घालवता काम केलं तरी ४.७ ग्रॅमच्या वर जाऊच शकत नाही. "बाकीचं कुठून आलं? तुझ्या खिशातनं?" मलाही हसू आलं. उरलेली साखर, क्षार आणि ओल, दुसरं काय. तो तुकडा सुद्धा बघा ना, पांढरा भुगा व्हायला हवा होता तर तो चिकचिक करणारा, बोटाला चिकटणारा, डिशला धरून बसलेला. चिकीचा पाक फसल्यावर होतो तसा.

डायलिसिस करून तोच माल: १.३ ग्रॅम. म्हणजे लिटरला २६. हा खरा आकडा.

२३ जानेवारी

वेळ बदलून बघितला. १२ तासांपेक्षा २४ ला जास्त मिळतं, ४८ ला २४ पेक्षा कमी. पहिल्यांदा वाटलं मोजताना चुकले, परत केलं, तेच. साखर संपत आली की तेच एन्झाइम उलटं फिरतं आणि लेव्हानच कुरतडायला लागतं, शिवाय बॅसिलसकडे लेव्हान तोडायची वेगळी एन्झाइम्स पण असतात. तोही शहाणाच, आपल्या भुकेसाठी साठवून ठेवतो आणि वेळ आली की खातो, आपण मध्येच जाऊन पळवायचं. त्यामुळे २४ तासांनी थांबवायचं, आणि थांबवायचं म्हणजे लगेच थंड करून पेशी काढायच्या, 'जेवून येऊन करते' चालत नाही. (एकदा केलंय.)

परवा रात्री लाईट गेली तर शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) बंदच राहिला सकाळपर्यंत. तो बॅच धरलेला नाही.

३० जानेवारी

सीनियरने सांगितलं ग्लुटामेट घाल, वाढ चांगली होते. किराणा दुकानातून मोनोसोडियम ग्लुटामेट आणलं, चायनीजच्या गाड्यावर घालतात ते. वाढ जबरदस्त झाली आणि ब्रॉथला तार आली! आता मी तारेला घाबरते. अल्कोहोलमध्ये दोरीसारखं काहीतरी, काडीवर गुंडाळलं तरी संपेना. तीव्र अॅसिडमध्ये रात्रभर फोडून निनहायड्रिन टेस्ट (अमिनो अॅसिड असेल तर जांभळी होते) केली, जांभळं. साखर नाहीच ही, पॉली ग्लुटामिक अॅसिड आहे. जपानमध्ये आंबवलेल्या सोयाबीनचा नाटो खातात, तो याच बॅसिलसचा, आणि त्याच्या तारा म्हणजे हे प्लस थोडं लेव्हान. कळस म्हणजे हे सुद्धा कॉस्मेटिकमध्ये मॉइश्चरायझर म्हणून विकतात.

म्हणजे आत्तापर्यंत तीन चिकट गोष्टी मिळाल्या, एक डेक्स्ट्रान, एक साखरेचा पाक, एक ही. जी हवी होती तीच तेवढी चिकट नाही. ग्लुटामेटची पुडी घरी नेली.

१२ फेब्रुवारी

उसाच्या रसावर प्रयोग. विकतची साखर घालून करायचं तर इथं करण्यात काय अर्थ. सकाळी सातला गुऱ्हाळावरून ताजा रस, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं टक्क्यांतलं माप) १९. बर्फात घालून बसने आणला, शेजारच्या बाईंना वाटलं विकायला चाललीय, ग्लास मागितला. पोचल्यावर उकळला, गाळला, थोडं अमोनियम सल्फेट आणि फॉस्फेट घातलं, पीएच ६.५, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक).

लेव्हान मिळालं लिटरला २१, रसात साखर थोडी कमी असते ते बघता वाईट नाही. पण रंग! गव्हाळ तपकिरी, वास काकवीचा. गूळ विरघळवून केलेला बॅच तर कॉफी. अॅक्टिव्हेटेड चारकोल दोनदा फिरवल्यावर फिकट पिवळ्यावर आलं. मला स्वतःला तो रंग आवडला, पण मॅडम म्हणतात क्रीम करणारे पांढऱ्याशिवाय हात लावत नाहीत. गूळ बघायला आलेले व्यापारी पण पिवळाधमक रंग बघूनच भाव करतात, त्यासाठी गुऱ्हाळात भेंडीच्या चिकाने रसातली मळी काढतात. सगळीकडे रंगाचंच राज्य.

५ मार्च

ओलावा धरण्याची टेस्ट. माणसांच्या त्वचेवर करायची नाही, एथिक्स कमिटीची परवानगी हवी, आणि बरोबरच आहे. आज्जीने मात्र टाचांच्या भेगा दाखवून दोनदा विचारलं, "एवढं हातभर करतीस, माझ्या पायाला लाव की." म्हटलं आज्जी ह्यात स्पोअर असतील, तू आपली दुधाची साय लाव.

तर डेसिकेटरमध्ये (घट्ट झाकणाचं भांडं). तळाशी मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर राहते, मॅग्नेशियम क्लोराइड ठेवलं तर ३३ वर. पूर्ण सुकवलेलं अर्धा-अर्धा ग्रॅम: माझं लेव्हान, विकतचं हायलुरॉनिक, ग्लिसरीन, आणि साधी साखर. प्रत्येकाच्या तीन डिशा. चोवीस तास ७५ मध्ये, वजन, मग चोवीस तास ३३ मध्ये, परत वजन.

साखर जवळजवळ होती तशीच. हे मला माहीतच नव्हतं, दाणेदार शुद्ध साखर ८५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता जाईपर्यंत पाणी ओढत नाही, पावसाळ्यात डब्यात तिचा गठ्ठा होतो तो कोकणासारख्या हवेत. ग्लिसरीनने सगळ्यांना मागे टाकलं, पाव ग्रॅमच्या वर पाणी. हायलुरॉनिक ०.१२, लेव्हान ०.१०. कोरड्या डब्यात गेल्यावर मात्र लेव्हानने हायलुरॉनिकपेक्षा जरा लवकर पाणी सोडलं.

म्हणजे पाणी ओढण्यात ग्लिसरीनच बाप आहे आणि ते किती स्वस्त आहे ते मेडिकलमध्ये जाऊन विचारा. मी हे रिपोर्टमध्ये तसंच लिहिलंय. लेव्हानची बाजू कुठं येते तर ते काचेवर सुकवलं की पातळ, गुळगुळीत, न चिकटणारा पापुद्रा होतो, ग्लिसरीन तसंच ओलं राहतं. हाताला लागलं तर फरक कळतो. (लागलं. चुकून.)

१९ मार्च

निर्जंतुक करायचा प्रयत्न. ऑटोक्लेव्हमध्ये किती टिकेल याचा भरवसा नाही, अॅसिड असेल तर फ्रुक्टोजच्या साखळ्या पटापट तुटतात, म्हणून ०.२ मायक्रॉनचा फिल्टर. दोन मिली गेले आणि जाम. सिरिंज दाबून अंगठा दुखला, फिल्टर निखळून भिंतीवर फवारा. पातळ करून, आधी ०.४५ मधून, मग कसंबसं वीस मिली.

टेबलावर राहून गेलेल्या एका बाटलीत आठ दिवसात हिरवी बुरशी. साखरच ती, कोणीही खाणार. युरोपात फेनॉक्सीइथेनॉल जास्तीत जास्त १ टक्का चालतं, तेवढं घालून दुसरी बाटली ठेवलीय, अजून स्वच्छ आहे.

२ एप्रिल

शेवटचा बॅच, अर्धा लिटर, साखरेवर. एकूण हातात ११.३ ग्रॅम. पांढरा, हलका, बोटात चुरला की मैद्यासारखा. झाकणाला पॅराफिल्म, आणि सिलिका जेलबरोबर डब्यात. रिपोर्ट बाइंडिंगला दिला.

६ एप्रिल

गुऱ्हाळ यंदाचं बंद व्हायला आलंय म्हणून जाऊन आले. एका छोट्या बाटलीत पाच टक्क्यांचं द्रावण नेलं होतं दाखवायला. गुळव्या मामांनी बाटली उजेडात धरली, हलवली, झाकण काढून एक थेंब काडीवर घेतला आणि काकवी बघतात तसा हळूच वर उचलला. थेंब टपकन पडला.

"ह्याला तर तारच न्हाई गं."

म्हटलं हो मामा, तेच.

"मग उगंच म्हणत हुतीस की, चिकट शोधतीया." बाटली परत दिली आणि काहिलीकडं वळले, पाक उतरायला आला होता.